ऑस्टिनचे चार बुश

परदेशात मुलांकडे आलेल्या आई-वडिलांचा पहिला आठवडा मजेत जातो. दुसऱ्या आठवड्यात घरातले नळ, बिजागऱ्या, खिडक्या सगळं बघून होतं. तिसऱ्या आठवड्यात प्रश्न येतो, ‘इथं रस्त्यावर माणसं का दिसत न्हाईत गं?’ आणि चौथ्या आठवड्यापासून परतीच्या तिकिटाचे दिवस मोजणं सुरू होतं. आपल्यापैकी ज्यांचे आई-वडील व्हिजिटर व्हिसावर येऊन गेलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आमचे आप्पा २०२३ च्या मे महिन्यात आमच्याकडे बर्मिंगहॅमला आले, तेव्हा त्यांना सत्त्याहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. आई जाऊन वर्ष झालं होतं. आप्पा म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले टर्नर. पन्नासएक वर्षं लेथवर उभे राहिलेले. शेतीपंप, ऑइल इंजिन, गुऱ्हाळाचे चरक, जे येईल त्याचे पार्ट करून द्यायचे. असा माणूस सोफ्यावर रिमोट घेऊन बसला की बघवत नाही. मी आणि नवरा दिवसभर कॉम्प्युटरसमोर, मुलगा शाळेत. आप्पा खिडकीशी.

जूनमधल्या एका रविवारी खिडकीतूनच त्यांनी हाक मारली. ‘पोरी, हिकडं ये. ह्या गाडीचं चाक बघ कसं नाचतंय!’

शेजारच्या आजोबांनी त्यांची जुनी गाडी बाहेर काढली होती. १९३१ सालची ऑस्टिन सेव्हन. काळी, उभट, चौकोनी, पत्र्याच्या ट्रंकेला चाकं लावल्यासारखी. वर्षातून पाच-सहा वेळा ती बाहेर यायची, आम्ही हात हलवायचो, एवढीच आमची ओळख. त्या दिवशी मात्र कोपऱ्यावरून वळताना तिची पुढची चाकं डावी-उजवीकडे फडफडायला लागली आणि आजोबांनी ती कशीबशी कडेला घेतली. मी बाहेर पोचेपर्यंत आप्पा सपाता घालून तिथं हजर! गाडी परत घराकडे ढकलायला हात लावला, गॅरेजसमोर आल्यावर जॅककडे बोट दाखवलं. चाक वर उचललं गेलं तसं त्यांनी ते वरून आणि खालून धरून हलवलं. ते खुळखुळ वाजलं.

आप्पा म्हणाले, ‘किंगपिन.’

आजोबा म्हणाले, ‘किंगपिन.’

दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. मला दुभाषी म्हणून पुढं व्हायची गरजच पडली नाही.

घराजवळचा कारखाना

आम्ही राहतो तिथून लाँगब्रिज अगदी जवळ. हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९०५ मध्ये तिथं मोटारींचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धानंतर धंदा डबघाईला आला, तेव्हा त्यांच्या मनात सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार होती. कंपनीच्या संचालकांना ती पसंत नव्हती. म्हणून ऑस्टिन यांनी स्टॅन्ले एज नावाच्या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला घरी नेलं आणि लिकी ग्रेंज या आपल्या बंगल्यातल्या बिलियर्ड्सच्या खोलीत त्याच्याकडून गाडीची ड्रॉइंग्ज काढून घेतली. १९२२ मध्ये ती गाडी लोकांसमोर आली. १९३९ पर्यंत साधारण दोन लाख नव्वद हजार गाड्या निघाल्या.

इंजिन ७४७ सीसीचं. आपल्या मारुती आठशेपेक्षाही लहान, पण सिलिंडर चार. पाण्याला पंप नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड खाली उतरतं, त्यावरच इंजिन थंड राहतं. या मॉडेलात पेट्रोलला पंप नाही. टाकी बॉनेटखाली उंचावर, पेट्रोल उतारानं कार्बोरेटरमध्ये येतं. तेलाला कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी. बीएमडब्ल्यूनं बनवलेली पहिली मोटार म्हणजे परवाना घेऊन केलेली हीच गाडी. लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी पहिली रेसिंग गाडी बांधली ती जुन्या ऑस्टिन सेव्हनवर, आणि ब्रूस मॅक्लारेन यांनी शर्यतीची सुरुवात केली तीही ऑस्टिन सेव्हनवर.

शेजारचे आजोबा याच लाँगब्रिजला टूलमेकर होते. पंधराव्या वर्षी उमेदवारीला लागले, निवृत्तीपर्यंत तिथंच. कारखाना २००५ मध्ये बंद पडला, आता तिथं दुकानं आणि घरं आहेत. ही गाडी त्यांनी १९६८ मध्ये एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून आणली. तेव्हापासून तिचं जे जे केलं, ते एका जाड वहीत तारखेनिशी लिहिलेलं. पण गेल्या तीन-चार वर्षांपासून त्यांचे हात थरथरायला लागले होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. गॅरेजमध्ये छोटा मायफर्ड लेथ होता, त्यावर चादर घातलेली.

त्या दिवशी ते मला म्हणाले, ‘एवढं एक काम झालं नाही तर या उन्हाळ्यात मी ती विकणार.’ आणि मग हळूच, ‘विकत घेणारा तिची बॉडी ठेवेल की नाही, ते मात्र माझ्या हातात नाही.’

याचा अर्थ मला नंतर कळला. ऑस्टिन सेव्हनची अशी चौकोनी सलून गाडी तशी साधी, दिसायलाही बेताची. अनेक वर्षं लोक असल्या गाड्या स्वस्तात घ्यायचे, बॉडी काढून टाकायचे आणि खालच्या चासीवर शर्यतीची दोन सीटची गाडी बांधायचे. अशा कितीतरी सलून गाड्या संपल्या. आजोबांच्या बायकोनं त्या मागच्या सीटवर बसून तीस वर्षं मुलं आणि कुत्री सांभाळली होती. त्यांना ती सीट मोडीत जायला नको होती.

पार्ट मिळतो, पण बसत नाही

‘नव्वद वर्षांच्या गाडीचा पार्ट मिळणार कुठं?’ मी विचारलं. आजोबा हसले. ऑस्टिन सेव्हनवाल्यांचं नशीब चांगलं. गाड्याच इतक्या निघाल्या आणि प्रेम करणारे इतके की, क्रँकशाफ्ट, पिस्टन, गिअर, सिलिंडर हेड, टायर अशा बऱ्याच गोष्टी आजही नव्यानं बनतात. देशभर क्लब आहेत, त्यातल्या काहींचं स्वतःचं स्पेअर पार्टचं दुकान असतं, आणि माहिती विचारली की फोनवर तासभर बोलणारी माणसं असतात. त्यामुळं जुन्या गाडीचा नाद असलेल्या आपल्या मंडळींना एकच सांगणं: गाडी घ्यायच्या आधी क्लबात जा. पन्नास-साठ हजारांतच निघालेली एखादी अप्रसिद्ध गाडी घेतलीत, तर एकेका पार्टसाठी वर्षं जातात.

किंगपिन आणि बुशचा सेट मागवला. टपालानं दोन दिवसांत दारात. आणि बुश बसेना! म्हणजे बसला, पण बोटानं ढकलला तरी आत जाऊन परत बाहेर यायचा. आप्पांनी बोट फिरवून सांगितलं, ‘कुणीतरी भोक मोठं केलंय.’ आजोबांनी वही काढली. त्यांच्या काळातली नोंद नव्हती. म्हणजे १९६८ च्या आधी कुठल्यातरी गॅरेजवाल्यानं झिजलेलं भोक बोअर करून मोठं केलं होतं आणि आपल्या मापाचा बुश घातला होता.

त्या दिवशी मला या जुन्या गाड्यांची खरी अडचण समजली. कारखान्यातून निघाली तेव्हा प्रत्येक गाडी दुसरीसारखी होती. पण नव्वद वर्षांत चार मालक, दहा मिस्त्री, एक महायुद्ध आणि कितीतरी पैशाची चणचण तिच्या अंगावरून गेलेली असते. प्रत्येकानं आपापल्या परीनं काहीतरी ठोकलेलं, वाढवलेलं, घासलेलं असतं. मग कॅटलॉगमधला पार्ट ‘बरोबर’ असतो, पण तो आपल्या गाडीला बरोबर नसतो.

अशी कामं करणारे इथं आहेत, पण रांग मोठी. ज्यांना विचारलं त्यांनी पुढच्या वसंत ऋतूतली तारीख दिली. आजोबांचा चेहरा पडला. आप्पांनी मला विचारलं, ‘काय म्हणतोय मिस्त्री?’ मी सांगितलं. आप्पा गॅरेजच्या कोपऱ्यात गेले, लेथवरची चादर उचलली, चक हातानं फिरवून बघितला. वंगण घातलेलं होतं. म्हणाले, ‘चार बुश. एका दिवसाचं काम. फॉस्फर ब्राँझचा रॉड आणायला सांग त्यांना.’

तीन थाऊ

पुढचे काही दिवस आमच्या घरात आनंदच होता. आप्पा सकाळी सातला अंघोळ करून तयार. चहा पिऊन शेजारी. मी सुरुवातीला मधे बसून भाषांतर करायची, पण बोअर, बुश, चक, रीमर, फेसिंग, टर्निंग हे शब्द दोघांचेही सारखेच. मापंसुद्धा इंचातली. आजोबांनी ‘थाऊ’ म्हटलं की आप्पांना कळायचं, इंचाचा हजारावा भाग. आप्पांनी त्यांना ‘सूत’ शिकवलं, एक सूत म्हणजे पाव इंचाचा अर्धा. पान्यांवरही दोघांचं एकमत झालं. या गाडीचे आटे जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, आजचा मिलिमीटरचा पाना लावला तर नटाचे कोपरे गोल होतात. त्या पान्यावर जो आकडा असतो तो नटाच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. हे मला माहीत नव्हतं. आप्पांना चौदाव्या वर्षापासून माहीत.

एकदा बेअरिंगचा विषय निघाला. या गाडीच्या कनेक्टिंग रॉडमध्ये व्हाइट मेटल ओतलेलं असतं, कथिल, अँटिमनी आणि तांब्याचा मऊ मिश्रधातू. शाफ्टला ओरखडा न येता तो स्वतः झिजतो. आप्पा म्हणाले, ‘आमच्याकडं त्याला वाईट मेटल म्हणत्यात. नाव वाईट, गुण चांगला. दुसऱ्यासाठी झिजतंय.’ मी हे इंग्रजीत सांगितल्यावर आजोबा इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

मग बुश करायचा दिवस आला. किंगपिनचा बुश बाहेरून भोकापेक्षा दीड थाऊ मोठा हवा, म्हणजे तो दाबून बसतो आणि हलत नाही. माणसाचा केस दोन-तीन थाऊ जाड असतो, यावरून कल्पना करा. आप्पांनी रॉड चकात धरला, सेंटर काढलं, बोअर केला, बाहेरून टर्निंग केलं. मायक्रोमीटर लावला, डोळ्याजवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला. कापून काढला. भोकात घातला.

बुश बोटानं आत गेला.

आजोबांनी थरथरत्या हातानं तो बाहेर काढून माप घेतलं, कागदावर लिहिलं. जिथं दीड थाऊ मोठा हवा होता, तिथं तो तीन थाऊ लहान होता. कुणी काही बोललं नाही. आप्पांनी लेथ पुसला, कचरा झाडला, चादर घातली आणि घरी आले. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी चहाही नको म्हणाले.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण डाव्या डोळ्याच्या पडद्याला मधुमेहानं इजा झालेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मला माहीत होतं. पण ‘दिसायला कमी’ म्हणजे नेमकं काय कमी, हे मला त्या दिवशी समजलं. फोनवर मी दर रविवारी विचारायची, ‘आप्पा, डोळे कसे आहेत?’ ते म्हणायचे, ‘बरं हाय.’ टीव्ही दिसत होता, माणसं दिसत होती. मायक्रोमीटरवरची रेघ दिसत नव्हती, आणि त्यांच्या लेखी दिसणं म्हणजे तेवढंच.

रात्री मी त्यांना म्हटलं, ‘मी वाचू का मापं?’

आप्पा बराच वेळ गप्प होते. इथं थोडं मागचं सांगायला हवं. लहानपणी मी रोज दुपारी आप्पांचा डबा घेऊन शेडवर जायची. पण उंबऱ्याच्या आत मला कधी घेतलं नाही. भाऊ आत जायचा, मी बाहेर. ‘लेथ चालू असताना पोरीची जात आत नको, वेणी चकात गुंतली तर डोक्याची साल निघेल,’ असं ते म्हणायचे. भीती खरीच होती, तसे अपघात त्यांनी पाहिले होते. पण भाऊ अकाउंटंट झाला आणि मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. आप्पांच्या हातातलं काम उंबऱ्याच्या आत राहिलं.

सकाळी सात वाजता त्यांनी दार वाजवलं. म्हणाले, ‘चल. आधी केस बांध.’

मी केसांचा घट्ट अंबाडा घातला, दुपट्टा काढून ठेवला. गॅरेजमध्ये आजोबांनी मला मायक्रोमीटर कसा धरायचा ते दाखवलं. हात त्यांचा हलत होता, पण सांगणं अगदी स्थिर. पिळायचा नाही, हलका फिरवायचा, रॅचेटचा कट्कट आवाज आला की थांबायचं. आप्पा हँडल फिरवायचे, मी डायल वाचायची. ‘अजून पाच.’ ‘अजून दोन.’ कापलेल्या ब्राँझची पिवळी झिलपी नखाएवढी उडत होती. शेवटच्या पासाला आप्पांनी मला हँडल धरायला लावलं आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. ‘घाई न्हाई. यंत्राला कळू दे आपण काय करतोय ते.’

पहिला बुश लांब बोल्ट आणि वॉशर लावून ओढून बसवला. तो कुरकुरत, अडत, सरळ आत गेला. बुश दाबला गेला की आतलं भोकही किंचित आवळतं, म्हणून वरच्या आणि खालच्या दोन्ही बुशमधून एकाच रेषेत रीमर फिरवावा लागतो. ते आजोबांनी खुर्चीत बसून, आवाजावरून सांगितलं. रीमरचा आवाज बदलला की थांबा म्हणायचे. डोळे माझे, हात आप्पांचे, कान आजोबांचे. एका दिवसाच्या चार बुशना आम्हाला सहा दिवस लागले. किंगपिन तेल लावून घातली, ती स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली उतरली. आजोबांनी टाळी वाजवली. आप्पांनी फक्त माझ्याकडं बघून म्हटलं, ‘जमलं.’ कोल्हापुरात यापेक्षा मोठं कौतुक नसतं.

पहिली फेरी

पुढच्या रविवारी आजोबा म्हणाले, गाडी तू चालव. त्यांच्या हातांना आता स्टिअरिंग झेपत नव्हतं. ऑस्टिन सेव्हन चालवणं हा वेगळाच प्रकार. क्लच म्हणजे दिव्याचं बटण, एकतर लागला नाहीतर सुटला, मधलं काही नाही. गिअर तीन, आणि ते बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो, मधे न्यूट्रलवर इंजिनचा वेग जुळवायचा. मी पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा गाडी बंद पाडली. आप्पा शेजारी बसलेले, आयुष्यभर एम-८० चालवलेले. म्हणाले, ‘म्हशीला हाकल्यागत कर. दम धर, मग ढकल.’

आम्ही लिकी हिल्सच्या पायथ्यापर्यंत गेलो. ताशी पंचवीस-तीस मैल. मागं गाड्यांची रांग, पण कुणी हॉर्न वाजवला नाही; लोक काच खाली करून अंगठा दाखवत होते. चाकं सरळ. स्टिअरिंग हातात शांत. हर्बर्ट ऑस्टिन यांची कबर तिथल्याच चर्चच्या आवारात आहे. मागच्या सीटवरून आजोबांनी ती दिशा दाखवून टोपी उचलली. आप्पांनीही नमस्कार केला. ‘मालक का?’ म्हणाले. मी हो म्हटलं.

जुना बाजार

सप्टेंबरमध्ये आम्ही तिघं ब्यूलीला गेलो. हॅम्पशायरमधल्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयाच्या मैदानावर १९६७ पासून दरवर्षी ऑटोजंबल भरतं, म्हणजे जुन्या मोटारींच्या सामानाचा बाजार. पुण्याचा जुना बाजार आणि नाना पेठ एकत्र करून एका माळरानावर पसरा, आणि वरून विलायती पाऊस पडू द्या. गंजलेले मडगार्ड, दिव्यांची पितळी रिंगणं, एकेक हबकॅप, कार्बोरेटरचे डबे, कुठल्या गाडीचं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसलेले गिअर. लोक हातात मोजपट्टी आणि खिशात जुना तुटका पार्ट घेऊन फिरतात. आम्हाला दिव्याची एक रिंग आणि दाराची मूठ हवी होती. मूठ मिळाली. रिंग मिळाली नाही. ती अजूनही शोधतो आहोत.

इथं खरेदीचे दोन धडे मिळाले. एक, नुसतं वर्ष सांगून उपयोग नाही; १९३१ च्या वसंतातली आणि १९३२ च्या शरदातली ऑस्टिन सेव्हन यांत गिअरबॉक्सपासून पेट्रोलच्या टाकीपर्यंत फरक आहे. म्हणून चासीचा नंबर आणि जुना पार्ट बरोबर ठेवायचा. दोन, चकाकणाऱ्या नव्या प्रतिकृतीपेक्षा कधीकधी गंजलेला मूळचा तुकडा बरा, कारण त्याचं माप आणि धातू खरा असतो. गंज काढता येतो.

एका टेबलावर लाकडी पेटीत व्हिटवर्थ टॅपचा पूर्ण सेट होता. आप्पांनी एकेक टॅप उचलून अंगठ्यानं धार बघितली. भाव वीस पौंड. मी पैसे काढले. आप्पांनी पेटी बंद केली आणि खाली ठेवली.

‘नगं. घेऊन करायचं काय? लेथ दिलाय मी.’

‘कुणाला दिला?’

‘भंगारात. तुझी आई गेल्यावर. किलोवर.’

मैदानावर माणसं गंजलेला नट हातात घेऊन दहा मिनिटं घासाघीस करत होती. आणि माझ्या बापानं ज्या लेथवर आम्हा दोघा भावंडांची शिक्षणं केली, तो किलोच्या भावानं गेला होता. मला सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. दर रविवारी डोळे विचारले, गोळ्या विचारल्या, लेथ नाही विचारला. तीन थाऊ चुकल्यावर ते जेवले का नाहीत, तेही मला त्या मैदानावर कळलं.

आजोबांना काय झालं ते मी थोडक्यात सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चालत परत गेले, पेटी विकत घेतली आणि आप्पांच्या हातात दिली. मला म्हणाले, ‘सांग त्यांना, माझ्या गॅरेजला हे हवे आहेत. मी असेपर्यंत ते आपांचे.’ त्यांना ‘आप्पा’ म्हणता यायचं नाही, ‘आपा’ म्हणायचे.

दसरा

आप्पा ऑक्टोबरच्या मध्याला परतले. दसऱ्याला कोल्हापुरात असायलाच हवं, हा त्यांचा हट्ट. कोल्हापूरकरांना कारण माहीत आहे. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते. तीही युद्धापूर्वीची जर्मन गाडी. लहानपणी आप्पांच्या खांद्यावर बसून मी ती बघायची. सगळे महाराजांकडे बघत, आप्पा चाकांकडे. एकदा म्हणाले होते, ‘गाडी राजाची, पण तिला चालू ठेवणारा कुणीतरी मिस्त्री असणारच की. त्याला कोण वळखतंय?’

त्या दसऱ्याला गर्दीतूनच त्यांचा व्हिडिओ कॉल आला. चित्र हलत होतं, ढोल-ताशात आवाज ऐकू येत नव्हता. एवढंच कळलं, ‘चाक बघ! जरापण हलत न्हाई!’ मी फोन घेऊन शेजारी पळाले, आजोबांना दाखवला. इकडे गॅरेजमध्ये ऑस्टिन, तिकडे चौकात मेबॅक. एक गरिबाची, एक राजाची. दोघींची काळजी सारखीच.

आता

भारतात ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी गाडी पडून आहे, त्यांच्यासाठी एक माहिती. २०२१ पासून केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात असलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. तेव्हा आजोबांची गाडी भंगारात द्यायच्या आधी थांबा, विचारा. इथं ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील गाडीला रस्त्याचा कर नाही, आणि मोठे बदल केलेले नसतील तर वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. पण सक्ती नाही म्हणून ब्रेक बघायचे नाहीत असं नाही. उलट जबाबदारी पूर्ण आपली. २०२१ पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुने रबर आणि बुचाचे सील खातं, म्हणून आम्ही महागडं ‘ई-फाइव्ह’च भरतो आणि हिवाळ्यात टाकी रिकामी करतो.

गेल्या हिवाळ्यात शेजारचे आजोबा वृद्धाश्रमात राहायला गेले. जाताना त्यांनी गाडीची किल्ली, लेथ आणि ती जाड वही माझ्याकडे दिली. पैशांबद्दल विचारलं, तर म्हणाले, ‘बॉडी ठेव, एवढंच.’ दर दुसऱ्या रविवारी मी त्यांना गाडीतून आणते. ते मागच्या सीटवर बसतात, गिअर नीट पडला नाही की घसा खाकरतात.

वहीत जुलै २०२३ ची नोंद माझ्या अक्षरात आहे. चार बुश, फॉस्फर ब्राँझ, मापं, आणि पुढं ‘कुणी केलं’ या रकान्यात तीन नावं. आप्पांचं नाव मी मराठीत लिहिलं. पुढं कधी दुसऱ्या कुणाच्या हातात ही गाडी गेली आणि कॅटलॉगमधला बुश बसेना, तर त्याला निदान कळेल की भोक मोठं का आहे आणि त्यात काय घातलंय.

आप्पांची व्हिसाची कागदपत्रं परत भरली आहेत. त्यांचा एकच प्रश्न होता, ‘मिस्त्रीच्या लेथला तेल घालतेस न्हवं?’ घालते. या शनिवारी इंजिनमधले तेलाचे दोन जेट साफ करायचे आहेत. ते तुंबले तर क्रँकला तेल पोचत नाही आणि मग वाईट मेटलचं खरंच वाईट होतं. बाजूचे स्क्रू काढून बारीक तार घालायची असते. आजोबा खुर्चीत बसून सांगतील, आप्पा फोनवर असतील. मी केस बांधून तयार राहीन.